तीनशे बारा चिमण्या

विज्ञानबाईला एका जागी बसणं जमत नसे. खुर्चीत बसली की तिची उजवी टाच आपोआप नाचायला लागे, टाचेबरोबर टेबल आणि टेबलाबरोबर इतरांचे चहाचे कप. शिक्षकांच्या खोलीत तिच्या शेजारी बसणारे चित्रकलेचे सर कप हातात धरूनच बसत आणि वर न बघता म्हणत, "भूकंप ओसरला की सांगा."

या वर्षी टाचेला कारणही होतं. शाळेतलं तिचं हे तिसरं वर्ष, आणि तिन्ही वर्षं तात्पुरती. तिच्या कायम नेमणुकीचं पत्र मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, टेबलाच्या दुसऱ्या खणात टाइप होऊन पडलं होतं. नाव, विषय, कालावधी, सगळे रकाने भरलेले. फक्त सही बाकी होती. ही माहिती तिला शिपाईकाकांनी दिली होती. शिपाईकाकांना ती कुठून मिळाली, असं शाळेत कोणी विचारत नसे. तशी पद्धत नव्हती.

सही कशासाठी अडली होती, तर 'दोन खिडक्या' या उपक्रमासाठी. त्यात दूरदूरच्या दोन शाळांची जोडी लावून देत. दोन्हीकडच्या मुलांनी रोज सकाळी आठ ते आठ दहा वर्गाच्या खिडकीतून दिसतील तेवढ्या चिमण्या मोजायच्या आणि तो आकडा इंटरनेटवरच्या एकाच तक्त्यात भरायचा. डावी बाजू इथल्या वर्गाची, उजवी जोडशाळेची. जोडशाळा समुद्राकाठी होती, तिथली घड्याळं दोन तास मागे होती आणि तिथल्या विज्ञानाच्या सरांचा चेहरा पडद्यावर कायम उजेडाकडे पाठ करून असल्यामुळे कसा आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. उपक्रम नीट पार पडला तर सही, असं मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. नीट म्हणजे काय, ते म्हणाल्या नव्हत्या.

तक्त्याला एक खोड होती. रकाना भरला की तो हिरवा होई. रिकामा राहिला की लाल होई आणि वर्गातल्या चौतीसच्या चौतीस पालकांच्या मोबाइलवर आपोआप संदेश जाई: 'आपल्या पाल्याने निरीक्षण नोंदवलेले नाही.' पहिल्याच आठवड्यात एक दिवस आकडा भरायला उशीर झाला. दुपारपर्यंत शाळेचा फोन वाजत राहिला. एका वडिलांना वाटलं, पोरगा शाळेत पोचलाच नाही. ते बसस्टँडवर दोन चकरा मारून, तिथल्या चौकशीच्या खिडकीवर भांडून मग शाळेत आले. पोरगा पहिल्या बाकावर बसलेला होता. त्याला पाहून वडिलांना आनंद व्हायच्या ऐवजी रागच आला.

त्या दिवशी विज्ञानबाईने वर्गाला बजावलं होतं की काहीही झालं तरी रकाना रिकामा ठेवायचा नाही. वर्गात एक मुलगा होता, त्याला सगळे शंकेखोर म्हणत. त्याने हात वर करून विचारलं, चिमणीच दिसली नाही तर शून्य लिहायचं का. घाईत होती ती. म्हणाली, शून्य म्हणजे आळस.

मग ती रोज फक्त मोबाइलवर तक्ता उघडून रंग बघायची. हिरवं दिसलं की सुटलो. आठ वाजता तिची ड्यूटी फाटकावर असे, उशिरा येणाऱ्यांची नावं लिहायची. आकडे बघायला तिला सवड नव्हती, आणि खरं सांगायचं तर हिरव्यावर तिचा विश्वास बसला होता.

दहाव्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, उपक्रमाच्या कार्यालयातून मेल आली. 'आपल्या जोडीने नोंदवलेली चिमण्यांच्या संख्येतील वाढ असामान्य आहे. आमचे दोन तज्ज्ञ सोमवारी सकाळी दहा वाजता कॅमेऱ्यासह भेट देतील.'

मेल मोठ्या बाईंनाही गेली होती. त्यांनी तिला फाटकावरून बोलावून घेतलं. वाढदिवसालासुद्धा न हसणाऱ्या मोठ्या बाई हसल्या. म्हणाल्या, सोमवारी पाहुण्यांसमोरच तुमच्या पत्रावर सही करते, फोटोही निघेल. बाहेर पडताना विज्ञानबाईची टाच चक्क शांत होती. व्हरांड्यात तिने तक्ता उघडला आणि प्रथमच रंगाऐवजी आकडा वाचला.

कालचा आकडा तीनशे पाच होता.

शाळेच्या अंगणात एक झाड होतं. त्यावर तीनशे पाच चिमण्या बसायच्या म्हटल्या तर आधी झाडाला नोटीस द्यावी लागली असती. घड्याळात आठ वाजून चार मिनिटं झाली होती. ती जवळजवळ पळतच वर्गात गेली.

वर्गात मोजणी चालू होती. म्हणजे मॉनिटर मुलगी टॅबलेट घेऊन उभी होती आणि बाकीचे शिस्तीत गप्प होते. मॉनिटरने टॅबलेटकडे पाहिलं, ओठ हलवले, आणि आकडा भरला. तीनशे बारा. रकाना हिरवा झाला. वर्ग खाली बसला.

"मोजल्या?" बाईने विचारलं.

"हो बाई."

"कुठून मोजल्या?"

"तक्त्यातून," मॉनिटर म्हणाली.

विज्ञानबाईने खिडकीकडे पाहिलं. खिडकीच्या जागी कपाट होतं. करडं, लोखंडी, खिडकीहून मोठं. ते उपक्रमाच्या कार्यालयानेच पाठवलं होतं, टॅबलेट सुरक्षित ठेवायला. वर्गात विजेचा सॉकेट एकच, खिडकीखाली. चार्जिंगची सोय व्हावी म्हणून शिपाईकाकांनी कपाट तिथे लावलं. कपाट मिळाल्याच्या पावतीवर सही विज्ञानबाईचीच होती. कपाट खिडकीसमोर आहे हे तिला ठाऊक होतं. चिमण्या खिडकीतून मोजतात हेही ठाऊक होतं. या दोन गोष्टींची तिच्या डोक्यात आजवर गाठ पडली नव्हती.

मॉनिटरने सगळं न घाबरता सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात कपाट आलं. रकाना रिकामा ठेवायचा नव्हता आणि शून्य म्हणजे आळस. मग वर्गाने मधल्या सुट्टीत बैठक घेऊन ठरवलं की समुद्राकाठच्या शाळेचा कालचा आकडा घ्यायचा आणि त्यात चार मिळवायचे.

"चारच का?"

"बाई, आपल्याकडे झाड आहे. त्यांच्याकडे नाही."

"मी सहा म्हणत होतो," शंकेखोर मागून म्हणाला. "पण खोटं वाटलं असतं."

विज्ञानबाई मॉनिटरच्या बाकावर टेकली आणि तक्ता वरपासून खाली वाचत गेली. मुलांचा आकडा तिकडच्या कालच्या आकड्यापेक्षा रोज चारने जास्त. ठीक. पण तिकडचा आकडाही मुलांच्या त्या दिवशीच्या आकड्यापेक्षा रोज बरोब्बर तीनने जास्त होता. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. रोज. म्हणजे गेले नऊ आठवडे इकडचे तिकडे बघत होते, तिकडचे इकडे बघत होते आणि चिमण्यांकडे कोणीच बघत नव्हतं. बाक हलायला लागला. तिची टाच परत कामाला लागली होती.

शुक्रवारी वर्गाने तीनशे एकोणीस भरले, तिने थांबवलं नाही. त्याच दिवशी जोडशाळेशी ठरलेला व्हिडिओ कॉल होता. आज बोलूनच टाकायचं असं तिने ठरवलं होतं. तिकडच्या सरांचा काळा आकार पडद्यावर आला. हवापाणी झालं, मुलांची प्रगती झाली, सोमवारी तिकडेही दोन तज्ज्ञ जाणार आहेत हे कळलं.

"तुमच्याकडे चिमण्या बऱ्याच दिसतात," ती म्हणाली.

"तशा आहेत. पण तुमच्यापेक्षा तीनच जास्त."

"तीनच."

"हो. तीनच."

पलीकडे काहीतरी टकटक वाजत होतं. सर पेन आपटत असावेत. तिने त्यांना खिडकी दाखवा म्हणून विनंती केली. सर म्हणाले, दाखवतो की, आधी तुमची दाखवा. ती म्हणाली, आज इकडे ढग आहेत. ढगांचा आणि खिडकी दाखवण्याचा काय संबंध, हे सरांनी विचारलं नाही, यावरून तिला काय समजायचं ते समजलं. मग आवाज तुटायला लागला आणि दोघांनीही एकमेकांना आवाज तुटतोय असं अगदी स्पष्ट आवाजात सांगून कॉल बंद केला.

घरी ती आणि तिची ताई अशा दोघीच राहत. ताई औषधाच्या दुकानात होती आणि जगातल्या सगळ्या अडचणींचे तिने दोन भाग पाडले होते: जेवणाआधीच्या आणि जेवणानंतरच्या. धाकटी ताटात नुसती बोटं फिरवते आहे हे बघून तिने तिच्याकडून सगळी हकिकत काढून घेतली आणि शांतपणे विचारलं, तीनशेच चिमण्या ना, मग आणायच्या.

"कुठून?"

"दाणे टाक. येतील. पक्ष्यांना कुठे नेमणूक लागते?"

ताईचा हा असला टोमणा म्हणजे सल्ला असे, आणि सल्ला म्हणजे टोमणा. कुठला कधी ते ओळखायचं काम धाकटीचं. तिने सल्ला समजून रविवारी सकाळी दहा किलो दाणे घेतले आणि शाळेत गेली. शिपाईकाकांनी फाटक उघडलं आणि काही न विचारता अर्धं पोतं स्वतः उचललं. दोघांनी अंगणभर दाणे टाकले आणि व्हरांड्यातल्या पायरीवर बसून वाट बघितली.

पहिल्या तासात कबुतरं आली. कबुतरांनी बाकीच्या कबुतरांना निरोप धाडला असावा, कारण दुसऱ्या तासात अंगणात चालायला जागा उरली नाही. तिसऱ्या तासात एक मांजर आलं, एवढं मोठं जेवण बघून गोंधळलं आणि निघून गेलं.

"चिमण्या?" तिने विचारलं.

"आल्या असतील," शिपाईकाका म्हणाले. "गर्दीत दिसत नाहीत."

ती पायरीवरून उठली, फाटकापर्यंत गेली, परत आली, परत गेली. काका बघत होते. मग म्हणाले, कपाट मीच लावलं होतं बाई, तेव्हा तुम्हाला विचारलं होतं इथे चालेल का, तुम्ही मोबाइल बघत हो म्हणालात. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. कुठला खण कोणाचा, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. तिला मात्र ते दिवसभर पुरलं. संध्याकाळी ताईने दार उघडलं तेव्हा तिच्या ओढणीवर कबुतराने सही केलेली होती. ताई म्हणाली, एक तरी सही मिळाली.

सोमवारी ती फाटकावर गेलीच नाही. पावणेआठला वर्गात जाऊन तिने मुलांना बाह्या सरसावायला सांगितलं. कपाट रिकामं करून ढकलायला बारा मुलं, आठ मिनिटं आणि शंकेखोराच्या सतरा सूचना लागल्या. मागे खिडकी होती. काचेवर नऊ आठवड्यांची धूळ होती, ती मॉनिटरने स्वतःच्या रुमालाने पुसली. आठ वाजले. चौतीस पोरं आणि एक बाई काचेला नाक लावून उभी राहिली.

दहा मिनिटं नाकं काचेवरून हलली नाहीत. तीनशे एकोणीस चिमण्यांचा गवगवा केलेला वर्ग एका चिमणीसाठी श्वास धरून होता. एक भिंतीवर येऊन बसली. तीन तारेवर. मग बराच वेळ काहीच नाही. मग एक खाली उतरली, कालचा उरलेला दाणा उचलला आणि गेली.

"पाच," शंकेखोर म्हणाला.

"चार," मॉनिटर म्हणाली. "शेवटची भिंतीवरचीच होती. परत आली."

"कशावरून?"

"तिची शेपटी तुटकी आहे."

यावर वाद झाला आणि तो बाईने मुद्दाम होऊ दिला, कारण दहा आठवड्यांत वर्गाने चिमणीबद्दल काढलेला हा पहिला विषय होता. तो बराच चालला. शेवटी तिने आजच्या रकान्यात चार लिहिलं. वर तीनशे एकोणीस, खाली चार. आलेख कड्यावरून उडी मारल्यासारखा दिसत होता.

पाहुण्यांना सांगता आलं असतं. मोठा आवाज झाला, उडून गेल्या. मांजर आलं. कपाट सरकवल्याचा धक्का बसला. सही व्हायला तेवढं पुरलं असतं. ती कारणं तिने शनिवारपासून तयार ठेवली होती, एकाहून एक होती. पण काचेवर पस्तीस नाकांचे ठसे होते आणि त्यातलं एक तिचं होतं.

"कपाटानंतरचे किती दिवस?" तिने विचारलं.

"पंचेचाळीस," मॉनिटर म्हणाली, आणि मग हळू विचारलं, "बाई, रकाना रिकामा ठेवायचा नाही ना?"

"मी चुकीचं सांगितलं होतं," विज्ञानबाई म्हणाली. "न मोजलेलं असेल तर रिकामाच ठेवायचा."

तिने पंचेचाळीस रकाने निवडले आणि पुसले. डावी बाजू वरपासून खालपर्यंत लाल झाली.

टॅबलेट टेबलावर ठेवायला गेली तेवढ्यात मुलं ओरडली. उजवीकडच्या रकान्यात एक छोटी खूण हलत होती. तिच्यावर 'तिकडचे सर' असं लिहिलेलं होतं. तिकडे अजून उजाडलंही नसेल धड, तरी हे तक्ता उघडून बसले होते, कोण जाणे कधीपासून. खूण थोडा वेळ एका जागी थरथरली. मग उजवीकडचा एक रकाना लाल झाला. मग दुसरा. त्यांना सगळे एकदम निवडता येत नसावेत. ते एकेक करून पुसत होते. पंचेचाळीस होईपर्यंत वर्गाने मोठ्याने मोजले. मग शेरा लिहायच्या जागी अक्षरं उमटली: 'रस्ता रुंद करताना आमची खिडकी विटांनी बुजवली. तुमचं काय?'

तिने खाली लिहिलं: 'कपाट.'

आता पंचेचाळीस लाल रकाने आणि चौतीस पालक. गुणाकार केला तर एक हजार पाचशे तीस संदेश होतात, आणि ते सगळे गेले. साडेआठच्या सुमारास फाटकावर पहिले पालक आले. मुलगा पंचेचाळीस दिवस शाळेत नव्हता आणि रोज डबा मात्र रिकामा घरी येत होता, या कोड्याने ते पार खचले होते. त्यांच्या मागून आणखी आले. एक आई पिठाच्या हातांनी, एक ड्रायव्हर गाडी चालू ठेवून, आणि बसस्टँडवाले वडील या वेळी बसस्टँडवर न जाता थेट. नऊपर्यंत सव्वीस पालक अंगणात कबुतरांच्या मधे उभे होते. मोठ्या बाईंनी गेल्या तीन वर्षांत सात पालकसभा बोलावल्या होत्या. सर्वांत मोठ्या सभेला पाच जण आले होते, त्यातले दोन चुकून.

विज्ञानबाई पायरीवर उभी राहिली आणि सगळ्यांसमोर, मोठ्या बाईंसमोरही, जसं घडलं तसं सांगितलं. नियम तिचा, कपाटाची सही तिची, दहा आठवडे नुसता रंग बघितला तोही तिनेच. पोरांनी फक्त ऐकलं होतं. बोलताना हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं, म्हणून तिने रिकामं पोतं धरून ठेवलं होतं.

मोठ्या बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांनी पालकांना बसायला खुर्च्या काढायला सांगितल्या.

बरोबर दहाला तज्ज्ञ आले. एक उंच, एक कॅमेरावाला. उंच तज्ज्ञांना तिने खिडकीपाशी नेऊन आकडा सांगितला. चार. शंकेखोर म्हणाला, काहींच्या मते पाच; आणि तुटक्या शेपटीचा वाद दारात उभ्या मोठ्या बाईंच्याही कानावर गेला. उंच तज्ज्ञांनी तक्ता पाहिला, दोन्हीकडचं लाल पाहिलं, शेरे वाचले आणि पहिल्या बाकावर बसले. त्यांचे गुडघे बाकाच्या वर आले.

"आणखी अकरा जोड्या आहेत अशा," ते म्हणाले. "सगळीकडे वाढ आहे."

मॉनिटरने सरकवलेल्या कपाटाकडे बोट केलं.

"त्या सगळ्यांना कपाट दिलंय?" मॉनिटरने विचारलं.

त्यांनी तक्ता बंद केला. पाणी मागितलं. कॅमेरावाल्याने एवढ्या लांब आलोच आहोत म्हणून कबुतरांचं चित्रीकरण केलं, आणि दोघं चहा न घेता गेले.

दुपारी चारला मोठ्या बाईंनी तिला बोलावलं. टेबलाचा दुसरा खण उघडा होता. विज्ञानबाई खुर्चीच्या टोकाला बसली. टाच नाचायला लागली, टेबलावरचं पाणी हलायला लागलं. मोठ्या बाईंनी पेला उचलून हातात धरला.

दहा आठवडे तुम्ही बघितलं नाही, असं त्या म्हणाल्या. ती हो म्हणाली. आणि मग बघितलंत, असंही म्हणाल्या. मोठ्या बाईंनी तिच्यापुढे पत्र सरकवलं.

पत्र तेच होतं. खाली सही होती, शाई ओली. तिने वरून वाचायला सुरुवात केली. नाव बरोबर. विषय विज्ञान. 'कालावधी'च्या पुढे मात्र पांढरा रंग लावून काहीतरी खोडलं होतं. तिथे आधी 'कायम' होतं, हे तिला शिपाईकाकांमुळे माहीत होतं. आता तिथे काहीच नव्हतं.

"बाई, इथे रकाना..."

"रिकामा आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "मी अजून मोजलेलं नाही."

तिने पत्र उजेडाकडे धरलं, उलटं केलं, परत सुलटं केलं.

"उद्यापासून फाटकावर मी उभी राहीन," मोठ्या बाई पेला खाली न ठेवता म्हणाल्या. "आठला तुम्ही वर्गात. आणि मोजताना ती तुटक्या शेपटीची एकदाच धरा."